ताबा कुणाचा, हेतू काय

आपल्याच मालकीची वस्तू उचलून आणली, तरी माणूस चोर ठरू शकतो. घड्याळ दुरुस्तीला टाकले, दुरुस्ती झाली, मजुरी मात्र द्यायची राहिली. दुकानदार म्हणाला, पैसे आणा आणि घड्याळ न्या. मालकाने त्याची नजर चुकवून ते खिशात घातले, तर ती चोरी. उलट, मजुरीचा एक पैसाही बाकी नसताना दुकानदार घड्याळ अडवून बसला असेल आणि मालकाने उघडपणे दुकानात शिरून ते जबरदस्तीने आणले, तर दुसरा एखादा गुन्हा घडेल, पण चोरी घडणार नाही. हे दाखले कुणा वकिलाच्या कल्पनेतले नाहीत, ते कायद्याच्या कलमाखालीच छापलेले आहेत. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये ज्याचा मसुदा तयार केला, जो १८६० मध्ये मंजूर झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाला, त्या भारतीय दंड विधानाच्या कलम ३७८ मध्ये ते होते. १ जुलै २०२४ पासून दंड विधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. कलमाचा क्रमांक ३०३ झाला, दाखले तसेच राहिले.

घड्याळाच्या दाखल्यात कायद्याची सगळी दृष्टी आली आहे. वस्तू कुणाची, यापेक्षा ती कुणाच्या ताब्यात होती हे तो आधी पाहतो. ताबेदाराची संमती होती का, वस्तू जागची हलवली का, आणि हलवताना मनात लबाडी होती का, हे त्याचे पुढचे प्रश्न. हे करणारा माणूस कोण, कुठल्या वस्तीतला, कुठल्या जातीचा, हा प्रश्न त्या कलमात कुठेही नाही. आपल्या गावात, सोसायटीत, कधी कधी पोलीस ठाण्यातसुद्धा पहिला प्रश्न नेमका तोच असतो. हे पुस्तक लिहावेसे वाटले ते या दोन प्रश्नांमधल्या अंतरामुळे.

आधी व्याख्या नीट पाहू, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. चोरी जंगम वस्तूचीच होते. जमीन चोरता येत नाही; बांध कोरून शेजाऱ्याचे वावर खाणारा माणूस कितीही लबाड असला, तरी चोरीच्या कलमात बसत नाही. जमिनीत उभे असलेले झाड किंवा पीक जमिनीचाच भाग धरले जाते; पण ते तोडले की जंगम होते, आणि लबाडीच्या हेतूने तोडणे हीच हलवण्याची क्रिया मानली जाते. म्हणून रात्रीतून कापूस वेचून नेणारा किंवा डाळिंबाची बाग खाली करणारा चोरच. माल बांधाबाहेर गेला नव्हता, हा बचाव टिकत नाही. वस्तू जागेवरून थोडीशी हलली तरी चोरी पूर्ण होते.

‘मी परत करणारच होतो’ हा बचाव आपल्याकडे फार ऐकू येतो. सर्वोच्च न्यायालयाने तो दोन गाजलेल्या निकालांत नाकारला. पहिल्या प्रकरणात जोधपूरच्या हवाई दल अकादमीतल्या एका प्रशिक्षणार्थ्याने १९५२ मध्ये परवानगीशिवाय हार्वर्ड जातीचे विमान उडवले आणि ते थेट पाकिस्तानात उतरवले. विमान कायमचे लाटायचा त्याचा इरादा नव्हता, असा युक्तिवाद झाला. १९५७ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की काही काळापुरती वस्तू काढून घेणे हीसुद्धा चोरी असू शकते. दुसऱ्या प्रकरणाचा निकाल १९६२ चा. राजस्थानातल्या एका सरकारी कर्मचाऱ्याने कार्यालयातली फाइल मित्रासाठी बाहेर काढली आणि लवकरच परत आणून ठेवली. तरीही ती चोरीच ठरली. ऑफिसची कागदपत्रे ‘जरा बघायला’ घरी नेणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल वाचावा, असे मला मनापासून वाटते.

मात्र मित्राच्या कपाटातले पुस्तक, त्याची हरकत नसणार असे प्रामाणिकपणे समजून, वाचायला नेले तर ती चोरी नाही. हाही दाखला कलमातलाच. आणि रस्त्यात पडलेली, कुणाच्याच ताब्यात नसलेली अंगठी उचलणेही चोरी नाही. पण मालक शोधण्याचा प्रयत्न न करता ती मोडून खाल्ली, तर तो अपहार. त्याला नव्या संहितेचे कलम ३१४ लागते, किमान सहा महिने आणि कमाल दोन वर्षे कैद, शिवाय दंड. जुन्या कायद्यात इथे किमान शिक्षा नव्हती. सापडलेल्या वस्तूबद्दल नवा कायदा अधिक कठोर झाला आहे, ही गोष्ट अजून लोकांपर्यंत पोहोचलेली नाही.

साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. तीच चोरी राहत्या घरातून, वाहनातून, देवळातल्या मूर्तीची किंवा सरकारी मालमत्तेची झाली, तर कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत. नोकराने मालकाच्या ताब्यातली वस्तू चोरली, तर कलम ३०६, तिथेही सात वर्षे. अडवणाऱ्याला मारण्याची किंवा इजा करण्याची तयारी ठेवून चोरी केली, तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी.

सोनसाखळी आणि मोबाइल हिसकावणाऱ्यांसाठी नव्या संहितेत प्रथमच वेगळे कलम आले, ३०४. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड. स्वतंत्र गुन्हा झाला हे चांगले झाले. पण कमाल शिक्षा साध्या चोरीइतकीच ठेवली, हे मला पटलेले नाही. मंगळसूत्र ओढताना बाई दुचाकीवरून फरपटत जाते, मानेला जखम होते, कधी हाड मोडते. अशा वेळी फिर्यादीत नुसते ‘हिसकावले’ एवढेच लिहून येऊ नये. चोरी करताना किंवा चोरलेला माल घेऊन जाताना जाणूनबुजून इजा केली, किंवा तत्काळ इजा करण्याची भीती घातली, तर ती जबरी चोरी होते आणि कलम ३०९ लागते. तिची शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी, आणि सूर्यास्त ते सूर्योदयाच्या दरम्यान महामार्गावर घडली तर चौदा वर्षांपर्यंत. फिर्याद लिहून घेताना जखमेचा उल्लेख झाला की नाही, वैद्यकीय तपासणी झाली की नाही, यावर पुढे सात-आठ वर्षांचा फरक पडू शकतो.

इथे एक बारकावा आहे. पाकीटमार पकडला गेला आणि पाकीट घट्ट धरून त्याने पकडणाऱ्याला ठोसा मारला, तर जबरी चोरी. त्याने पाकीट टाकून दिले आणि नुसते पळता यावे म्हणून दगड भिरकावला, तर चोरी आणि मारहाण हे दोन वेगळे गुन्हे. बळ माल नेण्यासाठी वापरले की जीव वाचवण्यासाठी, एवढाच प्रश्न.

जबरी चोरी करणारे पाच किंवा अधिक झाले की तो दरोडा. कलम ३१०, जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. दरोड्यात खून पडला, तर टोळीतल्या प्रत्येकावर फाशीपर्यंतची शिक्षा येऊ शकते, मग वार कुणीही केलेला असो. दरोड्याची नुसती तयारी हाही गुन्हा आहे, आणि दरोड्यासाठी जमणे हासुद्धा. म्हणून ‘दरोड्याच्या तयारीत असलेली टोळी जेरबंद’ अशी बातमी वरचेवर दिसते. अशा खटल्यांत सगळी लढाई पाच या आकड्याभोवती होते. पाचांवर आरोप, त्यातले दोघे निर्दोष सुटले, आणि आणखी कुणी अज्ञात साथीदार होते असा पुरावा नाही, तर उरलेल्या तिघांना दरोड्याची शिक्षा देता येत नाही.

आता पाच हजार रुपयांची गोष्ट. नव्या कायद्यात मला सर्वांत आशादायक आणि त्याच वेळी सर्वांत काळजी करण्यासारखी वाटलेली तरतूद ही आहे. चोरलेल्या मालाची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर त्याला तुरुंगाऐवजी सामुदायिक सेवेची शिक्षा होते. समाजाच्या उपयोगाचे काम, बिनपगारी. भुकेपोटी किंवा मोहापोटी एकदा चुकलेला तरुण तुरुंगात सराईतांच्या संगतीला लागत नाही, आणि ज्याचे गेले त्याला परत मिळते. दुसऱ्यांदा दोषी ठरला, तर मात्र किमान एक वर्ष आणि कमाल पाच वर्षे सक्तमजुरी. इथवर सगळे योग्य आहे.

काळजी आहे ती प्रक्रियेची. पाच हजारांखालची अशी चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र केली आहे. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. ठाण्यात ‘एनसी’, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद करून फिर्यादीला परत पाठवले जाते. धुणीभांडी करणाऱ्या बाईचा चार हजारांचा फोन, फेरीवाल्याचा वजनकाटा, शाळकरी मुलाची जुनी सायकल, हे सगळे या रेषेखाली येते. श्रीमंताचे पाच हजार आणि तिचे पाच हजार सारखे नसतात. तिच्या फोनमध्ये कामाच्या घरांचे सगळे नंबर आहेत, तिचा रोजगार त्यावर चालतो. कायद्याने चोराला दिलेली सवलत या बाईच्या तक्रारीची उपेक्षा करण्याचे निमित्त होऊ नये. चोरीच्या फोनवरून तिच्या खात्यातले पैसे गेले असतील, किंवा फोन घरात घुसून चोरला असेल, तर गुन्ह्याचे स्वरूपच बदलते आणि ते तिने आवर्जून सांगितले पाहिजे. पुस्तकात यासाठी वेगळे प्रकरण लिहिले आहे, ते थोडे लांबले आहे आणि ते मी मुद्दाम लांबू दिले.

ज्या चोरीत कुलूप तुटत नाही, ती सर्वांत मोठी असते. विश्वासाने सोपवलेली वस्तू किंवा पैसा लबाडीने वापरणे, याला कायदा चोरी म्हणत नाही, कारण ताबा आधीच संमतीने दिलेला असतो. तो फौजदारी विश्वासघात. कलम ३१६ खाली पाच वर्षांपर्यंत, नोकराकडून झाला तर सात, आणि सरकारी सेवक, बँकर किंवा अभिकर्ता यांच्याकडून झाला तर जन्मठेपेपर्यंत. कागदावर ही शिक्षा साध्या चोरीपेक्षा कितीतरी जड आहे. प्रत्यक्षात पतसंस्था बुडते, तेव्हा ठेवीदार म्हातारे होईपर्यंत हेलपाटे घालतात. महाराष्ट्राने ठेवीदारांच्या संरक्षणासाठी १९९९ चा खास कायदा केला, ज्याला सगळे ‘एमपीआयडी’ म्हणतात. त्याची खरी ताकद संचालकांची मालमत्ता जप्त करण्यात आहे. ठेवीदारांनी नुसत्या अटकेवर समाधान मानू नये, जप्तीचा पाठपुरावा करावा. संचालक कोठडीत गेला म्हणून कुणाची ठेव परत आलेली नाही.

विश्वासघाताच्या याच कलमाने बायकांना एक मोठा आधार दिला आहे. लग्नात मुलीला मिळालेले दागिने आणि भांडी हे तिचे स्त्रीधन. सासरच्या कपाटात ठेवल्याने ते सासरचे होत नाही. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नवरा किंवा सासरचे लोक ते सांभाळत असतील, तर विश्वस्त म्हणून. मागितल्यावर दिले नाही तर तो विश्वासघाताचा गुन्हा. ‘नवऱ्याच्या घरात बायकोचे काय वेगळे?’ या प्रश्नाचे उत्तर कायद्याने तेव्हाच दिले. तरी आजही माहेरी परतलेल्या मुली दागिन्यांची यादी आणि पावत्या नसल्यामुळे हतबल होतात. लग्नाच्या वेळी ती यादी करणे अशुभ नाही.

काही वस्तूंनी चोरीच्या व्याख्येला फार त्रास दिला. वीज ही त्यातली पहिली. तारेवर आकडा टाकून घेतलेली वीज हातात धरता येत नाही. जुन्या दंड विधानातली जंगम मालमत्ता मूर्त असावी लागे. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की वीजचोरी दंड विधानातल्या चोरीत बसत नाही, ती विजेच्या खास कायद्याखालचाच गुन्हा. आज २००३ च्या विद्युत कायद्याचे कलम १३५ तिला लागते, आणि डीपीतली तांब्याची तार किंवा विजेचे सामान चोरणाऱ्याला कलम १३६. नव्या न्याय संहितेने जंगम मालमत्तेच्या व्याख्येतून मूर्तपणाची अट काढून टाकली आहे. माहिती, डेटा यांसारख्या गोष्टींची ‘चोरी’ आता या कलमात येईल का, यावर न्यायालयांत पुढे बराच खल होणार. तोवर पासवर्ड, डिजिटल सही चोरणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-सी आहेच, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. वाङ्मयचौर्याला आपण चौर्य म्हणतो, पण तिथे १९५७ चा कॉपीराइट कायदा लागतो. त्यावर या पुस्तकात थोडेच लिहिले आहे.

वाळूचे मात्र सविस्तर लिहिले आहे. नदी कुणा एकाची नाही, म्हणून तिची वाळू उपसणे ही चोरी नव्हेच, असा समज गोदावरी, भीमा, गिरणेच्या काठच्या ट्रॅक्टरवाल्यांनी पिढीजात धरला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारच्या ताब्यातल्या नदीपात्रातली वाळू विनापरवाना उपसणे हा खनिज कायद्याखाली गुन्हा आहेच, शिवाय दंड विधानाखाली ती चोरीही आहे, आणि दोन्ही कारवाया होऊ शकतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंतचा दंड वेगळाच. पण वाळूमाफियांनी अंगावर ट्रॅक्टर घातलेल्या तलाठ्यांच्या, कोतवालांच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. चोरी अडवणारा गावपातळीवरचा कर्मचारी एकटा पडतो, तेव्हा कलम कितीही कडक असले तरी ते कागदावर राहते.

चोरीचा माल घेणाऱ्याबद्दल एक-दोन वाक्ये पुरेत, कारण नियम सरळ आहे. माल चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानायला कारण असताना तो घेणे, कलम ३१७, तीन वर्षांपर्यंत. आणि हा धंदाच असेल तर जन्मठेपेपर्यंत. चोरीनंतर लगेच माल कुणाकडे सापडला, तर तो चोर किंवा चोरीचा माल घेणारा आहे असे गृहीत धरण्याची मुभा न्यायालयाला असते. बिनपावतीचे सोने स्वस्तात घेणारा सराफ आणि तांब्याची जळालेली तार विकत घेणारा भंगारवाला यांना हे ठाऊक असते, आणि असायलाच हवे.

आता ‘माणूस कोण’ या सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळतो; एके काळी कायदाही कृत्य सोडून माणूस पाहत होता. पेशवाईतल्या गावात चोरी झाली की रामोशी माग काढत असे. पावलांचा माग शेजारच्या गावाच्या शिवेत शिरला, की तिथल्या जागल्याची जबाबदारी सुरू होई. मालाचा शोध लागला नाही तर भरपाईचा बोजा जबाबदार गावावर पडे. एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाविषयी लिहिलेल्या अहवालात या पद्धतीची दखल आहे. तिच्यात त्रुटी खूप होत्या, तरी तिने ज्या जमातींना राखणदार म्हणून मान दिला, त्यांनाच पुढे इंग्रजी कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवले. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा हा आपल्या दंडनीतीतला सर्वांत मोठा अन्याय आहे, असे मी विचारपूर्वक म्हणतो. माणसाने काही केले असो वा नसो, जमातीच्या नावावरून नोंदणी, रोजची हजेरी, गाव सोडायला परवाना. मुंबई इलाख्यात १९११ नंतर त्याची पकड आवळत गेली. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली, तिला लोक अजूनही ‘सेटलमेंट’ म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण सराईत गुन्हेगारांच्या नव्या कायद्यांनी, आणि त्यापेक्षा पोलिसी सवयीने, जुना शिक्का जिवंत ठेवला. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला १९८८ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा जन्मावरून चोर ठरवलेल्या घरातले जगणे मराठी मध्यमवर्गाने प्रथम इतक्या जवळून वाचले. त्याआधीही ते जगणे आपल्या गावाबाहेरच्या पालांवर चालूच होते. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांमधली जातीवरची कामवाटणी आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. म्हणजे २०२४ पर्यंत त्या होत्या.

आणि हा शिक्का जीव घेतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षेसाठी आलेल्या डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना, मुले पळवणारी टोळी समजून, जमावाने ठेचून मारले. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात चोरांच्या अफवेतून दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. या मारणाऱ्यांतल्या अनेकांना आपण गावाचे रक्षण करतो असेच वाटत असणार. म्हणून कायदा काय परवानगी देतो हे ठळक सांगतो. कुणी आपल्यासमोर दखलपात्र आणि बिनजामिनाचा गुन्हा करत असेल, तर सामान्य नागरिक त्याला पकडू शकतो. पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली केले पाहिजे. स्वसंरक्षणात प्राण घेण्यापर्यंतचा हक्क जबरी चोरी, रात्रीची घरफोडी अशा मोजक्या गुन्ह्यांत आहे. साधी चोरी करणाऱ्याला मारून टाकण्याचा हक्क कुणालाही नाही. नुसत्या संशयावरून एक थप्पड मारण्याचाही नाही.

ज्याचे चोरीला गेले त्याच्यासाठी शेवटचे प्रकरण आहे. चोर सापडतो, मालही सापडतो, आणि मग तो मुद्देमाल म्हणून ठाण्यात वर्षानुवर्षे पडून राहतो. दुचाकी गंजते, ट्रॅक्टरची चाके बसतात, आईच्या पाटल्यांचे पाकीट सीलबंद राहते. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की जप्त माल विनाकारण अडवून ठेवू नये. पंचनामा आणि छायाचित्रे करून, बंधपत्र घेऊन तो मालकाला द्यावा. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम ४९७ ने त्याला मुदती घातल्या: चौदा दिवसांत मालाचे विवरण, छायाचित्रण, आणि त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. यासाठी खटला संपण्याची वाट पाहावी लागत नाही. दंडाधिकाऱ्याच्या न्यायालयात साधा अर्ज, मालकीचा कागद, एफआयआरची प्रत आणि बंधपत्र पुरते. वाहनासाठी आणि दागिन्यांसाठी असे दोन अर्जांचे नमुने पुस्तकाच्या शेवटी दिले आहेत. १ जुलै २०२४ आधी घडलेल्या गुन्ह्यांना जुन्या दंड विधानाचीच कलमे लागतात, म्हणून प्रत्येक प्रकरणात दोन्ही क्रमांक छापले आहेत. अर्ज भरताना गुन्ह्याची तारीख पाहून योग्य तो क्रमांक लिहावा.